पॅकेज बारा लाखांचे, पण राहायचे कुठे?

दिवाळीनंतर मंडळाच्या कार्यक्रमात एका वहिनींनी मला बाजूला घेऊन विचारले, "भाऊजी, मुलगा बंगळूर सोडून इंदूरला येतो म्हणतोय. येऊ द्यावं का?" त्यांच्या आवाजात आनंद होता आणि काळजीही. मुलगा घरी येणार याचा आनंद होता. काळजी अशी की जमलेली नोकरी सोडून तो इकडे आला आणि उद्या इथली नोकरीही गेली तर काय.

पंधरा-वीस वर्षांपूर्वी आपल्याकडे हा प्रश्न उलटा असे. मुलगा पुण्याला जातोय, मुलगी हैदराबादला जातेय, पाठवावे का? उत्तर ठरलेले होते. पाठवा, इथे काय आहे! आता सुपर कॉरिडॉरवर टीसीएस आणि इन्फोसिसचे मोठे परिसर उभे आहेत. ३१ मे २०२५ पासून त्याच रस्त्यावर मेट्रोचा सुमारे सहा किलोमीटरचा पहिला टप्पाही सुरू झाला. 'इथे काय आहे' असे एका वाक्यात म्हणून मोकळे होता येत नाही. आणि 'आता सगळे इथेच आहे' असेही म्हणता येत नाही. म्हणून या प्रश्नाचा हिशेब नीट मांडावा असे वाटले. आपल्या मंडळातील बहुतेक घरांत एक तरी मूल या क्षेत्रात आहे, तेव्हा हा हिशेब प्रत्येकाला आपापले आकडे घालून पाहता येईल.

वारे कुठून वाहत आहे

आधी अलीकडच्या काही घटना लक्षात घेऊ. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने आपल्या सहा लाखांहून अधिक कर्मचाऱ्यांपैकी सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांच्या आसपास लोक कमी करण्याचे जाहीर केले. त्यात भर प्रामुख्याने मधल्या आणि वरच्या फळीवर होता. आकड्यापेक्षा या बातमीचा धक्का मोठा होता. टाटांची नोकरी म्हणजे सरकारी नोकरीची धाकटी बहीण, असे आपल्या पिढीने मानले होते. त्याच्या थोडे आधी याच कंपनीने नियम केला होता की वर्षातले किमान २२५ दिवस माणूस ग्राहकाच्या कामावर असला पाहिजे आणि 'बेंच'वर, म्हणजे कामाविना, ३५ दिवसांहून जास्त असता कामा नये.

सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेने नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क लावले. 'दोन वर्षे इथे, मग अमेरिका' हा कितीतरी घरांचा आराखडा एका रात्रीत अवघड झाला.

तिसरी गोष्ट घरून कामाची. २०२० ते २०२२ या काळात आपल्या कॉलन्यांत संध्याकाळी गच्चीवर हेडफोन लावलेली मुले फिरताना दिसत. पगार बंगळूरचा आणि जेवण आईच्या हातचे! पुष्कळांना वाटले की आता हे असेच चालणार. पण टीसीएसने ऑक्टोबर २०२३ पासून लोकांना कार्यालयात परत बोलावले. इन्फोसिसने मार्च २०२५ पासून महिन्यातले किमान दहा दिवस बहुतेकांना बंधनकारक केले. घरून काम ही कंपनीने दिलेली सवलत होती, नेमणूकपत्रात लिहिलेला हक्क नव्हता. हा फरक तेव्हा फारसा कोणी पाहिला नाही.

आणि चौथी गोष्ट जुनीच आहे. मोठ्या सेवा कंपन्यांत नव्या पदवीधराला सुरुवातीला मिळणारा पगार गेली दहा-पंधरा वर्षे साडेतीन लाखांच्या आसपासच अडकून आहे. घरभाडे, फी, दूध, रिक्षा यांतले काहीही तेवढ्यावर थांबले नाही.

बारा लाख म्हणजे महिना लाख नव्हे

लग्नाच्या बोलण्यांत आपण सर्रास विचारतो, "पॅकेज किती?" उत्तर येते बारा लाख. ऐकणारा मनात बाराने भागतो आणि महिना लाख धरतो. तिथेच पहिली चूक होते.

एक साधे उदाहरण घेऊ. बारा लाखांत मूळ पगार निम्मा, म्हणजे सहा लाख धरू. कंपनी स्वतःच्या वाट्याचा भविष्य निर्वाह निधी, मूळ पगाराच्या बारा टक्के म्हणजे ७२ हजार, याच बारा लाखांत मोजते. ग्रॅच्युइटीची तरतूद सुमारे २९ हजार, तीही त्यातच. दहा टक्के रक्कम कामगिरीवर अवलंबून असेल तर आणखी १ लाख २० हजार बाजूला गेले. ते पूर्ण मिळतील, निम्मे मिळतील किंवा मिळणारही नाहीत. उरले ९ लाख ७९ हजार. त्यातून मुलाच्या वाट्याचे ७२ हजार पीएफमध्ये जातात आणि अडीच हजार व्यवसाय कर. नव्या करप्रणालीत पगारदाराला पावणेतेरा लाखांपर्यंत आयकर लागत नाही, ही जमेची बाजू. तरीही हातात महिना साधारण ७५ हजार येतात. पीएफ आणि ग्रॅच्युइटी बुडत नाही हे खरे, पण त्यातून घरभाडे देता येत नाही.

आता त्याच मुलाला इंदुरात साडेआठ लाख देऊ केले असे समजू. हीच वजाबाकी केली तर हातात महिना ५३ हजार येतात. कागदावर महिन्याला २९ हजारांचा फरक दिसत होता, हातात तो २२ हजारांचा झाला.

खर्च प्रत्येक घराचा वेगळा, म्हणून पुढचे आकडे फक्त नमुन्याचे आहेत. बंगळूरला एका खोलीचा फ्लॅट देखभालीसह २८ हजार, जेवणखाण आणि घरखर्च १४ हजार, जाणे-येणे ६ हजार, किरकोळ १० हजार, आणि वर्षातून तीन-चार वेळा घरी येण्याचे महिना सरासरी ४ हजार. झाले ६२ हजार, उरले १३. शिवाय सुरुवातीला घरमालकाकडे पाच-सहा महिन्यांचे, कुठे कुठे दहा महिन्यांचे भाडे अनामत म्हणून ठेवावे लागते ते वेगळेच. इंदुरात मुलगा स्वतःच्या घरी राहिला, घरात १५ हजार दिले, पेट्रोलला ४ हजार आणि स्वतःवर ९ हजार खर्च केले, तर २८ हजारांत भागते आणि २५ हजार उरतात. म्हणजे साडेआठ लाखवाला बारा लाखवाल्यापेक्षा दुप्पट शिल्लक टाकतो. त्याला वेगळे बिऱ्हाड करावे लागले आणि १३ हजार भाडे गेले, तरी दोघे जवळपास बरोबरीत येतात.

आणखी एक बदल इथेच सांगतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या. भत्त्यांचा भाग एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असेल तर वरचा हिस्सा आता 'वेतन' म्हणूनच धरला जाणार. त्यामुळे ग्रॅच्युइटी वाढेल, आणि कंपनी पूर्ण वेतनावर पीएफ कापत असेल तर हातातली रक्कम थोडी घटेल. ठरावीक मुदतीच्या नेमणुकीवर असणाऱ्यांना आता पाच वर्षे थांबावे लागत नाही, एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी लागू होते. मुलांनी आपली पगारपत्रके या नजरेने एकदा वाचावीत.

हिशेबाचा उरलेला अर्धा भाग

इथवर वाचून कोणी म्हणेल, मग ठरलेच की, इंदूरला बोलावून घ्या. सकाळी पोहे-जिलबी, रात्री सराफा, स्वच्छतेत २०१७ पासून सलग पहिले शहर. आणखी काय हवे?

पण हा हिशेब एका वर्षाचा आहे. नोकरी तीस वर्षे करायची असते. या क्षेत्रात पगार वाढतो तो प्रामुख्याने नोकरी बदलताना. जागेवर बसून मिळणारी वाढ बहुधा एक आकडी टक्क्यांत असते. बदलताना मात्र वीस-तीस टक्के मागता येतात, पण त्यासाठी मागायला दुसरी दारे हवीत. बंगळूर, हैदराबाद किंवा पुण्यात त्याच कामाचे मालक शेकड्यांनी आहेत. एका कंपनीतले काम संपले तर मुलगा घर न बदलता, बायकोची नोकरी आणि मुलांची शाळा न हलवता दुसरीकडे जातो. इंदुरात टीसीएस आहे, इन्फोसिस आहे, इंपेटससारख्या इथेच वाढलेल्या कंपन्या आहेत, क्रिस्टल आयटी पार्क आहे, लहान-मध्यम कंपन्याही बऱ्याच आहेत. पण विशेष कौशल्य असलेल्या, दहा वर्षे अनुभवाच्या माणसाला त्याच्या पगारावर घेऊ शकतील असे मालक बोटांवर मोजावे लागतात.

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे. राहण्याचे शहर निवडताना हातात आलेली नोकरी पाहू नये, तिच्यानंतरची नोकरी पाहावी. आज असलेले काम गेले तर सहा महिन्यांत, याच शहरात, साधारण याच पगारावर दुसरे मिळेल का? याचे उत्तर 'हो' असेल तर ते शहर त्या माणसाला परवडते, मग भाडे कितीही असो. उत्तर 'नाही' असेल तर स्वस्ताईचा उपयोग नाही.

हे इंदूरकरांना दुसऱ्या कोणी शिकवायला नको. मालवा मिल, हुकुमचंद मिल, राजकुमार मिल ही नावे आज बसच्या थांब्यांवर आणि वस्त्यांच्या पत्त्यांवर उरली आहेत. एके काळी त्यांच्या भोंग्यावर शहराचे घड्याळ चाले. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला हुकुमचंद मिल बंद पडली. तिथल्या सुमारे ४,८०० कामगारांच्या थकबाकीचे २२४ कोटी रुपये मार्गी लागले ते २५ डिसेंबर २०२३ रोजी. तीस वर्षांहून अधिक काळ! त्यांतले कितीतरी जण तोवर या जगात नव्हते. त्या कामगाराकडे कसब होते, घर होते, शहर आपले होते. दुसरी नोकरी तेवढी नव्हती. आणि गिरण्या अनेक असूनही उपयोग झाला नाही, कारण साऱ्या एकाच धंद्यातल्या होत्या आणि पाठोपाठ बसल्या. मालक अनेक हवेत, आणि आपले कसबही एकाच प्रकारच्या मालकाला उपयोगी पडेल इतके अरुंद नको. गिरण्यांच्या पडझडीने हे दोन्ही धडे दिले आहेत.

दोन घरे, दोन उत्तरे

माझ्या ओळखीतली दोन उदाहरणे सांगतो.

पहिले घर राजेंद्रनगरातले. मुलगी पुण्यात एका परदेशी कंपनीच्या केंद्रात नऊ वर्षे काम करत होती. वडिलांना पक्षाघाताचा झटका आला आणि तिने इंदूरला यायचे ठरवले. तिने नोकरी सोडली नाही. वरिष्ठांशी बोलून बदली 'इंदूर, घरून' अशी लेखी करून घेतली, महिन्यातले चार दिवस पुण्याला जाण्याचे मान्य केले आणि त्या बदल्यात एक पगारवाढ सोडली. मला ती म्हणाली, "काका, माझं काम जगात कुठेही विकलं जातं हे मला ठाऊक होतं, म्हणून मी मागू शकले. पहिल्या वर्षी मागितलं असतं तर हसले असते." तिचे इंदूरला येणे शहाणपणाचे ठरले, कारण तिची दुसरी नोकरी शहरावर अवलंबून नव्हती.

दुसरे घर लोकमान्यनगरातले. मुलगा इथेच शिकला, इथल्याच एका लहान कंपनीत लागला. आई-वडिलांना हायसे वाटले. सहा वर्षे एकाच ग्राहकाचे, एकाच जुन्या प्रणालीचे काम केले. ग्राहक गेला, कंपनीने चाळीस जणांना निरोप दिला. तेव्हा कळले की त्याच्या कामाची दुसरी जागा इंदुरात नाही आणि बाहेर जायचे तर सहा वर्षांच्या अनुभवाला तीन वर्षांचा भाव. आज तो हैदराबादला आहे, तिशी ओलांडल्यावर नव्याने सुरुवात केली. घरी राहिल्याने वाचलेले पैसे त्या एका वर्षात संपले.

या दोघांत हुशारीचा फरक नाही, वेळेचा आहे. पहिली पाच-सात वर्षे माणसाने दारे जास्त तिथे राहावे, चार प्रकारचे काम हाताखालून घालावे. त्यानंतर, कसब पक्के झाले आणि ओळखी जमल्या की घराकडे वळण्याचा विचार करावा. तेव्हा शहर त्याला निवडत नाही, तो शहराला निवडतो.

पुण्याच्या फ्लॅटचे काय

पुणे आपल्याला जवळचे वाटते. भाषा आपली, नातेवाईक तिथे, रात्री ट्रॅव्हल्सच्या बसमध्ये बसले की सकाळी दारात. इंदूर-मनमाड नवा रेल्वेमार्गही सप्टेंबर २०२४ मध्ये मंजूर झाला, ३०९ किलोमीटर, १८,०३६ कोटी रुपये. तो पूर्ण झाला की महाराष्ट्र आणखी जवळ येईल. म्हणून पुष्कळ पालक मुलाच्या नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी इथला प्लॉट विकून वाकड-हिंजवडीकडे फ्लॅट घेतात.

इथे थोडे थांबावे. ७० लाखांचे कर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी घेतले तर हप्ता महिना ६० हजारांवर जातो. हप्ता २४० महिन्यांचा आणि बेंचची मुदत ३५ दिवसांची, या दोन आकड्यांची जोडी कशी जमावी? हप्ता असलेला मुलगा पगार कापला तरी बोलत नाही, चांगली संधी दुसऱ्या शहरात आली तरी जात नाही. घर आधाराला घेतले आणि तेच पायात आले, असे होते. पहिली पाच वर्षे भाड्याने राहणे म्हणजे पैसे वाया घालवणे नव्हे. हव्या त्या शहरात जाण्याच्या मोकळिकीची ती किंमत आहे. आणि इथला प्लॉट घाईने विकू नये. परतायचे झाले तर तोच उपयोगी पडेल.

इंदूरची बाजू

इंदूरला दुसरी नोकरी कधी मिळू लागेल? मध्य प्रदेश सरकारने २०२५ च्या सुरुवातीला जागतिक क्षमता केंद्रांसाठी, म्हणजे परदेशी कंपन्यांच्या स्वतःच्या भारतीय केंद्रांसाठी, वेगळे धोरण आणले. देशात अशी १,७०० हून अधिक केंद्रे २०२३-२४ मध्ये होती आणि त्यांत सुमारे १९ लाख लोक काम करत होते. पण त्यांतली बहुतेक बंगळूर, हैदराबाद, पुणे, चेन्नई, मुंबई आणि दिल्लीच्या परिसरात आहेत. त्यांतली काही जरी इकडे वळली तरी आपल्या मुलांना मोठा फरक पडेल. अशी केंद्रे अनुभवी माणसाला सेवा कंपन्यांपेक्षा बरा पगार देतात आणि कामही खोलवरचे असते.

शिकलेल्या मुलांची इथे वाण नाही. एसजीएसआयटीएस १९५२ पासून अभियंते घडवते आहे, देवी अहिल्या विद्यापीठ आहे, २००९ पासून आयआयटीही आहे. तरी इथून शिकून मुले बाहेर जातात, कारण एका मोठ्या कंपनीला दिलेली शंभर एकर जमीन म्हणजे एकच मालक. दहा-दहा एकरांवर दहा मालक आले तर मुलगा नोकरी बदलू शकतो. भूमिपूजनाच्या बातम्या वाचताना आपण एकरांऐवजी मालक मोजावेत.

आपण काय करावे

आपण नोकरीसाठीच इथे आलेल्यांचे वंशज आहोत. होळकरांच्या पदरी कोणी फडावर, कोणी लष्करात, कोणी शाळेत लागले आणि मग मंडळे, ग्रंथालये, गणेशोत्सव उभे राहिले. १९५६ मध्ये राजधानी भोपाळला गेली आणि पुष्कळ सरकारी नोकऱ्याही गेल्या, तेव्हाही काही घरे हलली, काही राहिली. तेव्हा मुले बाहेर गेली म्हणून समाज बुडाला असे रडायचे कारण नाही. पण गेलेल्यांनी परत यावे असे वाटत असेल तर नुसत्या भावनेने ते होणार नाही.

मंडळाला करता येण्यासारख्या दोन गोष्टी आहेत. पहिली, सुट्टीत घरी येणाऱ्या अनुभवी मुलामुलींना इथल्या शिकणाऱ्या आणि नवख्या मुलांशी दोन तास बसवावे. भाषण नको. कोणते काम शिकावे, नेमणूकपत्रात कामाचे ठिकाण आणि बदलीचे कलम कसे वाचावे, तीन महिन्यांच्या नोटिशीचे काय, एवढेच बोलावे. दुसरी, मागे राहिलेल्या आई-वडिलांची वस्तीनिहाय नोंद ठेवावी आणि रात्री-अपरात्री धावून जातील अशा दोन-दोन माणसांची नावे त्यापुढे लिहावीत. कितीतरी मुले पगारासाठी परत येत नाहीत असे नाही, आणि पगारासाठी परत येतात असेही नाही. वडील पडले तर कोण उचलेल, या एका धास्तीने चांगली चाललेली नोकरी चुकीच्या वेळी सोडली जाते. ती धास्ती आपण कमी करू शकतो.

वहिनींना मी उत्तर दिले नाही, एक प्रश्न दिला. म्हटले, मुलाला विचारा, इंदूरची ही नोकरी वर्षभराने गेली तर तू काय करशील? आठवड्याने त्यांचा फोन आला. "तो म्हणाला, विचार करून सांगतो. आता दोन वर्षं थांबतोय, एक नवं काम शिकतोय, मग येतो म्हणाला." त्या थोड्या हिरमुसल्या होत्या. मग म्हणाल्या, "पण येईल तेव्हा राहायला येईल ना हो, परत जायला नाही." त्यांचे म्हणणे मला पटले.